डावीकडचे दार

मार्च लागला. कडुनिंबाच्या पानांचा गच्चीत ढीग साचला, करडईची काढणी सुरू झाल्याचे दूधवाल्याने सांगितले, आणि आज सकाळी दहाच्या सुमारास घरामागच्या शाळेच्या रस्त्यावर हॉर्न वाजू लागले. कॅलेंडर न पाहता मला कळले, की दहावीची परीक्षा सुरू झाली. एके काळी हा ऋतू शाळेच्या घंटेवरून कळत असे. आता घंटा वाजते की नाही, हेच हॉर्नमुळे ऐकू येत नाही.

मी गच्चीवरून पाहिले. शाळेचे फाटक, त्याच्यासमोर बारा फुटांची गल्ली आणि त्या गल्लीत एकामागे एक उभ्या तीस-चाळीस मोटारी. प्रत्येक मोटारीत एक परीक्षार्थी आणि चार माणसे. आई, वडील, मामा, आत्या. कोणाच्या हातात दही-साखरेची वाटी, कोणाच्या हातात देवापुढे ठेवून आणलेला पेन. परीक्षा एका लेकराची आणि मिरवणूक सगळ्या घराण्याची. मुलांना उशीर होऊ नये म्हणून सगळ्यांनी गाड्या काढल्या आणि सगळ्यांच्या गाड्यांमुळे सगळ्या मुलांना उशीर होतो आहे, एवढे साधे समीकरण या शहराला सुटत नाही. हेच शहर गुणवत्तेसाठी राज्यात नाव सांगते.

मला या दृश्याची शिसारी येते. पण ती येण्याचा मला पूर्ण अधिकार नाही, हे आधीच लिहून ठेवतो. गेल्या वर्षी परीक्षेच्या पहिल्या दिवशी अशाच एका मोटारीत मी बसलो होतो. पुढच्या आसनावर, डावीकडे. माझ्या बाजूच्या दाराने शिवकन्या नावाच्या एका मुलीच्या उजव्या मनगटाचे आणि मराठीच्या पेपराचे जे केले, त्याची कबुली मी वर्षभर कोणाजवळही दिली नव्हती.

मी चौतीस वर्षे लातूरला गणित शिकवले आणि चौतीस वर्षे सायकलने शाळेत गेलो. यात त्याग नव्हता. सायकल मला पुरत होती. घर ते शाळा या अंतरात एक प्रमेय मनात दोनदा मांडून होई. वर्गात जे अडे, ते बहुधा परतीच्या चढावर सुटे. कोणत्या घरात आज फोडणी जळली आणि कोणत्या घरात चूलच पेटली नाही, हे नाकाला कळे. गैरहजर मुलाचे घर वाटेवर असे. एक पाय ओट्याला टेकवून हाक मारली, की मुलगा आजारी आहे, की बापाबरोबर हमालीला गेला आहे, हे तिथल्या तिथे समजे. मोटारीतल्या मास्तराला रस्त्यात कोण थांबवणार? मला रोज कोणी ना कोणी थांबवी. त्या थांबण्यात माझी अर्धी मास्तरकी झाली.

शरीराचेही तेच. माझे वय आज शहात्तर. रक्तात साखर नाही, दाबाची गोळी नाही. माझा मुलगा प्रमोद सरकारी कचेरीत आहे. वय शेहेचाळीस, गोळ्या तीन. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले आहे. म्हणून तो पहाटे मोटार काढून क्रीडासंकुलाच्या मैदानापर्यंत जातो, मैदानाला पाच फेऱ्या मारतो आणि मोटारीने परत येतो. यात काही विपरीत आहे, असे त्याला वाटत नाही. वाटले असते, तर मी हा लेख लिहिला नसता.

पाण्याचे दुर्भिक्ष होते त्या उन्हाळ्यात या शहराने सायकली पुन्हा बाहेर काढल्या होत्या. हँडलला दोन घागरी, कॅरिअरला एक. मोटारी धुवायला पाणी नसल्याने त्या धुळीने माखून दारांत उभ्या होत्या. तेवढा एक उन्हाळा शहराचा चेहरा मला खरा वाटला. पाणी आले आणि पहिल्याच रविवारी गल्लीतल्या प्रत्येक घरासमोर पाइप लावून मोटारींना अंघोळी घालण्यात आल्या. ते ओघळ माझ्या चपलेखालून गेले.

मी स्वतः परीक्षेला नांदेडला बसलो. आमचे गाव लोह्याकडचे. तीन मुले एका खोलीत राहिलो आणि तिघांत एक सायकल होती. तिला नगरपालिकेचा पत्र्याचा बिल्ला होता. तो नसला किंवा संध्याकाळी दिवा नसला, तर शिपाई चाकातली हवा सोडी. परीक्षेच्या आदल्या दिवशी नंबर बघायला जायचे, म्हणजे आपली बैठक कोणत्या खोलीत, कोणत्या बाकावर आहे ते पाहून यायचे, अशी रीत तेव्हाही होती. आमचे गुरुजी लोह्याहून त्यासाठी मुद्दाम आले. नंबर बघितल्यावर त्यांनी आम्हाला खोलीपासून केंद्रापर्यंत आणि केंद्रापासून खोलीपर्यंत दोनदा चालवले. आम्ही कुरकुरलो, तेव्हा ते म्हणाले, "पेपर तुमच्या हातात न्हाई. रस्ता तरी हाय ना? मग तेवढा पाठ करा." दुसऱ्या दिवशी गोदावरीवरून गार वारा येत होता. आम्ही सूत्रे म्हणत चाललो होतो. पोटातली भीती कोणत्या वळणावर गेली, ते कळले नाही. पायांनी ती वाटेत झिजवली असावी. बसून राहणाऱ्याची भीती झिजत नाही. ती आसनाबरोबर केंद्रापर्यंत येते.

गेल्या वर्षी माझी नात ईश्वरी दहावीला होती. तिचे केंद्र गंजगोलाईच्या गोल बाजारपेठेपलीकडे. आदल्या दिवशी आम्ही दोघे पायी नंबर बघून आलो. मी घड्याळ लावले होते. बावीस मिनिटे. गोलाईतून फुटणाऱ्या गल्ल्यांपैकी कोणती धरायची, हे मी तिला दाखवले. परतताना ती बोरे खात होती आणि मला व्याकरण विचारत होती. ती म्हणाली, "आजोबा, उद्या असंच येऊ." मी बरे म्हटले.

संध्याकाळी घरात सभा भरली. सून म्हणाली, समोरच्या डॉक्टरांची मुलगी गाडीतून उतरणार आणि आपली घामाघूम होऊन पोहोचणार, लोकांना काय वाटेल? प्रमोद म्हणाला, वर्षभर क्लासला एवढे ओतले ते उन्हात चालवायला नाही. ईश्वरीने माझ्याकडे पाहिले. तेव्हा मी बोलायला हवे होते. पण प्रमोद म्हणाला, "अण्णा, उद्या तुम्ही पण चला. पुढं बसा. तुमचा आशीर्वाद पाहिजे." मुलाने आपल्याला मानाने पुढच्या आसनावर बसवावे, एवढ्यावर मी विकला गेलो. माझा गुडघाही दुखत होता, असे मी त्या वेळी स्वतःला सांगितले. दुखत नव्हता.

सकाळी साडेनऊला निघालो. गोलाईला पोहोचेपर्यंत पावणेदहा झाले, तिथे चाके थांबली आणि दहा वाजून गेले तरी आम्ही कसेबसे केंद्राच्या गल्लीच्या तोंडाशी होतो. गाडीत थंड हवा होती आणि कसल्या तरी अत्तराचा मळमळणारा वास. प्रमोद दर मिनिटाला हॉर्न वाजवत होता. पुढचाही वाजवत होता. त्याच्याही पुढचा. कोणाला कुठे जायला जागा होती? मागे सून स्तोत्र पुटपुटत होती आणि ईश्वरीचा चेहरा पांढरा पडला होता. फाटक दिसत होते. शंभर पावले. साडेदहाला ते बंद होणार होते.

सव्वादहाला माझा संयम संपला. आपण उतरावे, पोरीला हाताला धरून चालत न्यावे, असा विचार मनात आला. विचार चांगला होता. मी दार उघडले. मागे न बघता उघडले.

गाड्या आणि गटार यांच्यामधल्या दोन हात पट्टीतून ती येत होती. त्या सगळ्या गल्लीत वेळेवर पोहोचणारी बहुधा ती एकटीच. शाळेतून मुलींना मिळते तसली सायकल, मागे कॅरिअरला पॅड. ती दारावर आदळली आणि उजव्या हातावर पडली.

चौतीस वर्षांत माझ्यासाठीही अशी दारे उघडली गेली होती. दोनदा मी पडलो होतो. दोन्ही वेळा मोटारीतून एकच वाक्य आले होते आणि दोन्ही वेळा त्या माणसाची मला किळस आली होती. त्या दिवशी तेच वाक्य माझ्या तोंडून आले.

"दिसत नाही का?"

ती उठली. वेण्या वर बांधलेल्या, गणवेशाला गटाराचा चिखल. तिने आधी मनगट पाहिले, मग फाटकाकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"आजोबा, दार तुम्ही उघडलं," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. वर्गात फळ्यावरची चूक दाखवतात, तसे म्हणाली.

प्रमोद आतून ओरडत होता, की ह्या सायकलवाल्यांना एवढ्या गर्दीत घुसायची काय घाई असते, दाराला पोचा आला का बघा. ईश्वरी दुसऱ्या बाजूने केव्हा उतरली, मला दिसले नाही. तिने त्या मुलीचा पॅड उचलला, डाव्या हाताला धरले आणि दोघी गाड्यांच्या मधून पळाल्या. फाटकातून आत जाताना ईश्वरीने वळून पाहिले नाही.

सायकल तिथेच पडली होती. पुढचे चाक वाकले होते. मी ती उचलली आणि शाळेच्या भिंतीला टेकवून तिच्याजवळ उभा राहिलो. प्रमोदला मोटार उलटी काढायला पाऊण तास लागला. तो मला बसा म्हणत होता. मी मानेनेच नको म्हटले.

पेपर संपेपर्यंत मी तिथे उभा होतो. ज्यांच्या गाड्या निघाल्या नाहीत, ते आत बसून राहिले. इंजिने चालू, काचा वर. कोणी पाय पसरून घोरत होते, कोणी मोबाईल बघत होते. त्यांच्या गार हवेची किंमत म्हणून गरम धूर माझ्या पायांवर येत होता. वर्गांच्या खिडक्या गल्लीकडेच होत्या. ज्यांच्यासाठी हे सारे आले होते, तीच लेकरे तो धूर ओढत निबंध लिहीत होती. एका काचेतून माझा जुना विद्यार्थी बाहेर डोकावला. त्याने विचारले, "सर, उन्हात कशाला? या की आत. सायकल कुणाची हाय?" मी त्याला म्हणालो, "ओळखीच्या मुलीची." तेव्हा मला तिचे नावही माहीत नव्हते.

दोनच्या पुढे मुले सुटली. तिचे मनगट सुजून जाड झाले होते. नाव शिवकन्या आणि परीक्षेपुरती ती लातुरात मामाकडे राहते, हे ईश्वरीने सांगितले. दोघींची खोली एकच होती. शिवकन्येने डाव्या हाताने उजवा हात धरून लिहिले आणि निबंध राहिला, हेही ईश्वरीनेच सांगितले. मी दवाखान्यात नेतो म्हणालो. रिक्षा करू, गाडी बोलावू. ती म्हणाली, "गाडी नको. मामा येणार हाय." सायकल दुरुस्त करून देतो म्हणालो. वाकलेले चाक डाव्या हाताने उचलून, मागच्या चाकावर सायकल ढकलत ती गेली. एवढे सगळे मी बोललो. माझे चुकले, हे दोन शब्द बोललो नाही. मुलांच्या उत्तरपत्रिकांत आयुष्यभर चुका दाखवलेल्या माणसाला ते उच्चारण्याची सवय नसते.

घरी प्रमोदने शेजाऱ्यांना हकिगत सांगितली, ती अशी, की एक सायकलवाली भरधाव आली आणि आमच्या दारावर आदळली. मी जेवत होतो. ईश्वरी माझ्याकडे बघत होती. मी भाताचा पुढचा घास घेतला. त्या घासाची आठवण मला आजही नको वाटते.

पुढचे सगळे पेपर ईश्वरी पायी गेली. तिने कोणाला विचारले नाही. मी तिच्याबरोबर निघालो, तेव्हा तिने नाही म्हटले नाही, एवढेच. पहिले दोन दिवस ती माझ्यापुढे दहा पावले चालत होती. भूमितीच्या दिवशी तिने वेग कमी केला आणि एक प्रमेय विचारले. मी सांगितले. सकाळच्या उन्हात दुकानांच्या फळ्या उघडत होत्या, झाडलोट झालेल्या ओट्यांवर पाणी शिंपडलेले होते, गुळाच्या आडतीसमोर माशा घोंगावत होत्या. बावीस मिनिटे. एकदाही एकविसाव्या किंवा तेविसाव्या मिनिटाला आम्ही पोहोचलो नाही. फाटकाशी ईश्वरी मनगटाला पट्टी बांधलेल्या शिवकन्येची वाट पाहत थांबे आणि दोघी आत जात. मी दूर उभा राहत असे. सून म्हणू लागली, की पोरगी हल्ली नीट जेवते आणि पडल्यापडल्या झोपते. कारण काय असावे, याची चर्चा मात्र घरात झाली नाही.

निकाल लागला. शहरातल्या ज्या कनिष्ठ महाविद्यालयावर शिवकन्येची नजर होती, त्याची यादी तिच्या थोडी वर थांबली. किती वर, ते ईश्वरीने मला सांगितले. निबंधाला आठ गुण असतात. त्यांतले निम्मे पडले असते, तरी ती यादीत आली असती. हा हिशेब मी मनातल्या मनात सोडवला आणि आयुष्यात पहिल्यांदा बरोबर आलेल्या उत्तराचा मला तिटकारा आला. ती आता अहमदपूरला अकरावीला जाते. गावातल्या घरापासून फाट्यापर्यंत सायकल, तिथून एसटी.

वर्ष गेले. आज जाईन, उद्या जाईन करत गेले. आज सकाळी ते हॉर्न ऐकले आणि गच्चीवरून खाली उतरलो. ईश्वरीला शिवकन्येचे गाव विचारले. तिने कागदावर लिहून दिले आणि म्हणाली, "आज तिला सुट्टी आहे. कॉलेजात केंद्र आहे." प्रमोद म्हणाला, एवढ्या उन्हात कुठे निघालात, मी सोडतो. मी चप्पल घातली.

नांदेडच्या एसटीत खिडकी मिळाली. शेजारी एक म्हातारी हरभऱ्याच्या गाठोड्यासकट बसली होती. तिने मूठभर घाटे माझ्या हातात ठेवले आणि ती निघाली होती त्या लग्नाची सगळी हकिगत सांगितली. मी ऐकली. कित्येक महिन्यांत मी अनोळखी माणसाशी इतका वेळ बोललो नव्हतो. फाट्यावर उतरलो. पुढे अर्धा कोस पायवाट. करडईचे काटे धोतराला लागत होते. बांधावर पळस पेटला होता. गुडघा खरोखर दुखू लागला, तेव्हा मला थोडे बरे वाटले.

शिवकन्येची आई अंगणात सुपाने करडई वाऱ्यावर उधळत होती. मी लातूरहून आलेला मास्तर आहे, एवढे सांगितले. तिने मुलीला हाक मारली. शिवकन्या दारात आली. तिने मला ओळखले. या म्हणाली नाही.

मी उभ्यानेच बोललो. "त्या दिवशी दार मी उघडलं. मागं न बघता. आणि वर तुलाच बोललो. माझं चुकलं. हे तेव्हाच म्हणायला पाहिजे होतं."

आईचे सूप हातातच राहिले. ती मुलीला म्हणाली, "तू तर खड्ड्यात पडले म्हणली होतीस."

"गाडीचं सांगितलं असतं तर तुम्ही सायकल बंद केली असती," शिवकन्या म्हणाली. "मग कॉलेज बी बंद."

मी माझी अब्रू राखायला गप्प बसलो होतो आणि ही पोर आपली सायकल राखायला खोटे बोलली होती. दोन्ही गोष्टी एकाच संध्याकाळी, दोन घरांत घडल्या होत्या. आज मी येऊन तिचेही उघड केले होते. मी तिच्या आईला म्हणालो, "तिची चूक काडीची नव्हती, बाई. ती नीट चालवत होती. सायकल बंद करू नका."

आईने विचारले, "आता कशानं आलाव? गाडी कुठं लावली?"

"एसटीनं. फाट्यापासून पायी."

तिने माझ्या पायांकडे पाहिले आणि सूप खाली ठेवले. "वर्षभर रोज जाऊन येऊन करून राहिली तेवढ्यावरच," ती मुलीकडे हनुवटी करून म्हणाली. "आता कशाला बंद करीन? पाणी दे त्याईला."

मी पाणी प्यालो. निघतो म्हणालो. शिवकन्या म्हणाली, की लातूरची गाडी चारला आहे आणि माझ्या चालीने मी फाट्यावर पाचला पोहोचेन. तिने भिंतीची सायकल काढली. पुढचे चाक अजून किंचित डोलते. "बसा कॅरिअरवर," ती म्हणाली. मी नको म्हणालो. तिने ऐकले नाही. ती कोणाचे ऐकणाऱ्यांतली दिसत नाही.

शहात्तर वर्षांचा मी एका मुलीच्या मागे डबलसीट बसून पायवाटेने निघालो. हँडलवरचे तिचे उजवे मनगट मला दिसत होते. फाटा आला. तिने ब्रेक दाबला, एक पाय जमिनीला टेकवला आणि मान न वळवता म्हणाली,

"आजोबा, उतरताना तेवढं मागं बघा."

मी मागे बघितले. मगच उतरलो.